पाण्याचा थेंब आणि पिकाचे पान

पौष महिन्यातील सकाळ. ओतूरच्या परिसरातील कांद्याच्या वाफ्यांतून पाठीवर पंप घेतलेला शेतकरी सावकाश पुढे सरकत असतो. नोझलमधून औषधाचा फवारा धुक्यासारखा बाहेर पडतो. परंतु पातीवर पोचताच त्याचे टपोरे मणी बनतात, उभ्या पातीवरून ते घरंगळतात आणि वाफ्यातील मातीत जिरून जातात. पंधरा लिटरचा एक पंप रिकामा होतो, दुसरा भरला जातो. आठ दिवसांनी पाहावे तो पातीवरील करप्याचे जांभळे चट्टे वाढलेलेच. औषध खोटे निघाले, पैसे वाया गेले, असे मग बांधावर बोलले जाते. क्वचित ते खरेही असते. परंतु पुष्कळदा दोष औषधाचा नसतो. औषध पातीला लागलेलेच नसते.

कांद्याची पात औषध झिडकारते, ती ज्या गुणामुळे, त्याच गुणाचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी पावसाने आपोआप स्वच्छ होणारे भिंतींचे रंग तयार केले आहेत आणि पाण्याखाली कोरडे राहणारे पृष्ठभाग बनविण्याचा प्रयत्न चालविला आहे. म्हणजे शेतकऱ्याला जी अडचण वाटते, ती निसर्गाची एक मोठी कारागिरी आहे. ही कारागिरी नीट समजली तर फवारणीचा खर्च वाचतो, पीक वाचते आणि पानाचे स्वतःचे संरक्षणही शाबूत राहते.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत पानाचे व पाण्याचे हे नाते सर्व प्रकारांनी पाहावयास मिळते. पश्चिमेस भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या बाजूला मुसळधार पाऊस आणि भाताची खाचरे. मध्यभागी कुकडी, मीना, पुष्पावती व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे. पूर्वेस पर्जन्यछायेतील बाजरीचा कोरडवाहू मुलूख. पश्चिमेकडील पिकाला अंगावरचे पाणी झटकून टाकावे लागते, पूर्वेकडील पिकाला अंगातले पाणी जपावे लागते. ही दोन्ही कामे पानावरील एक अत्यंत पातळ थर करीत असतो. तो थर म्हणजे मेण.

पान पाण्याला का झिडकारते?

पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर एक प्रकारचा ताण निर्माण होतो व मोकळा थेंब गोल होण्याची धडपड करतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. थेंब एखाद्या वस्तूवर पडला म्हणजे दोन ओढींमध्ये चढाओढ लागते. वस्तूची ओढ बलवान असेल तर थेंब पसरतो. पाण्याची स्वतःची ओढ बलवान असेल तर थेंब गोल राहतो. थेंबाची कड वस्तूशी जो कोन करते, त्यावरून ही चढाओढ मोजता येते. हे तत्त्व इंग्लंडमधील थॉमस यंग या शास्त्रज्ञाने १८०५ साली मांडले. कोन ९० अंशांहून कमी असेल तर पृष्ठभाग भिजणारा समजावा, अधिक असेल तर न भिजणारा. कोन १५० अंशांच्या वर गेला म्हणजे थेंब जवळजवळ पूर्ण गोल होतो आणि थोड्याशा उतारावरूनही घरंगळतो.

सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या, तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो अंगातील ओलावा टिकविण्याचा. त्यासाठी पानाच्या कातडीवर मेणयुक्त पापुद्रा तयार झाला. पान या मेणामुळे सुकून जात नाही. त्याच मेणामुळे बाहेरचे पाणीही पानात सहज शिरत नाही.

परंतु नुसत्या मेणाने एवढे साधत नाही. गुळगुळीत मेणावर थेंब ठेवला तर कोन फार तर ११० अंशांच्या आसपास भरतो. थेंब गोलसर दिसतो, पण सहज घरंगळत नाही. अळवाच्या पानावर मात्र तो पाऱ्यासारखा धावतो. 'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार मराठीत अस्थिरतेसाठी रूढ झाला, तो पिढ्यान् पिढ्यांच्या या निरीक्षणातूनच. अळवाच्या पानात असे अधिक काय आहे?

उत्तर आहे खडबडीतपणा. अळू, कमळ, कांदा, कोबी यांच्या पानांवरील मेण सपाट लेपासारखे नसते. ते अतिसूक्ष्म नळ्या, काड्या वा पापुद्रे यांच्या रूपाने उभे असते. थेंब या टोकांवर टेकतो व खालच्या फटींत हवा अडकून राहते. शेतातील धसकटांवर घोंगडी टाकली तर ती टोकांवर तरंगते, जमिनीला टेकत नाही; तसेच हे. थेंबाचा बहुतेक भाग पानावर नसून हवेवर असतो. म्हणून पान त्याला धरून ठेवू शकत नाही.

खडबडीतपणामुळे न भिजण्याचा गुण वाढतो, हे वेन्झेल याने १९३६ साली दाखविले. अडकलेल्या हवेचे गणित कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ साली मांडले. हे दोघे इंग्लंडमधील लीड्स येथे लोकरीवरील संशोधन करणाऱ्या संस्थेत काम करीत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराला लोकरीचा जो गुण अनुभवाने ठाऊक होता, त्याचाच हिशेब त्यांनी कागदावर मांडला.

कमळाच्या पानापासून भिंतीच्या रंगापर्यंत

कमळाचे पान चिखलात वाढूनही स्वच्छ राहते, हे भारतीयांना नवे नाही. भगवद्गीतेतही या पानाची उपमा आलेली आहे. परंतु त्यामागील कारण डोळ्यांना दिसण्यासाठी विसाव्या शतकातील सूक्ष्मदर्शक यावा लागला. १९६५ साली इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने पृष्ठभागाचे चित्र दाखविणारा सूक्ष्मदर्शक बाजारात आला. जर्मनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट हे १९७० नंतरच्या दशकात या यंत्राखाली निरनिराळ्या वनस्पतींची पाने तपासीत होते. गुळगुळीत पाने तपासण्यापूर्वी धुवावी लागत. काही खडबडीत पानांवर मात्र धूळच नसे. ही साधी गोष्ट त्यांनी मनात धरली.

कमळाच्या पानावर एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे उंचवटे असतात आणि प्रत्येक उंचवट्यावर त्याहूनही कितीतरी बारीक मेणाच्या नळ्या दाटलेल्या असतात. हा दुहेरी खडबडीतपणा हेच त्याचे रहस्य होय. धुळीचा कण केवळ टोकांवर टेकलेला असतो, म्हणून पानापेक्षा पाण्याच्या थेंबाला तो अधिक घट्ट चिकटतो. थेंब घरंगळला की धूळ त्याच्याबरोबर जाते. बार्थलॉट व त्यांचे सहकारी ख्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर १९९९ साली याच तत्त्वावरील भिंतींचा रंग 'लोटुसान' या नावाने जर्मनीत विक्रीस आला.

वनस्पतींकडून घेतलेले धडे येथेच थांबले नाहीत. 'साल्विनिया' या पाणवनस्पतीने केरळमधील जलाशय व भातखाचरे एकेकाळी व्यापून टाकली होती. तिच्या पानांवर रवीच्या फुलासारखे केस असतात. केस पाण्याला झिडकारतात, पण त्यांची टोके पाण्याला धरून ठेवतात. त्यामुळे पान पाण्यात बुडाले तरी त्यावरील हवेचा थर दीर्घकाळ टिकतो. २०१० साली ही रचना उलगडण्यात आली. जहाजाच्या तळाला असा हवेचा थर देता आला तर पाण्याशी होणारे घर्षण कमी होऊन इंधन वाचेल, या हेतूने प्रयोग चालू आहेत. मेघालयात आढळणाऱ्या घटपर्णीच्या जातीत कलशाची कड ओली व निसरडी असते, म्हणून कीटक आत घसरतो. घटपर्णीच्या या युक्तीवरून अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात २०११ साली तेल मुरविलेला, कशालाही चिकटू न देणारा पृष्ठभाग तयार करण्यात आला. निवडुंगाच्या एका जातीच्या काट्यांवर धुक्याचे थेंब टोकाकडून बुंध्याकडे आपोआप सरकतात, असे २०१२ साली चिनी संशोधकांनी दाखविले. धुक्यातून पाणी गोळा करण्यासाठी त्याचे अनुकरण होत आहे.

मानवी कारागिरी मात्र एका बाबतीत अजून मागे आहे. घासले गेले की कृत्रिम पृष्ठभागाचा गुण नाहीसा होतो. जिवंत, वाढते पान झिजलेले मेण पुष्कळ अंशी पुन्हा तयार करू शकते.

इरले: डोंगरी शेतकऱ्याची युक्ती

पानापासून पाणी अडविण्याची साधने करणे ही काही केवळ परदेशी प्रयोगशाळांची मिरास नव्हे. सह्याद्रीच्या कुशीत भाताची लावणी करणारे शेतकरी पिढ्यान् पिढ्या इरले वापरीत आले. बांबूच्या कामट्यांची विरळ वीण, तिच्यात पळस वा साग यांसारखी रुंद पाने दाटीने घातलेली आणि वरून पुन्हा कामट्यांची वीण, अशी त्याची घडण असते. डोके आणि पाठ झाकली जाते. दोन्ही हात लावणीसाठी मोकळे राहतात.

पळसाचे वा सागाचे पान कमळासारखे थेंब उडवून लावीत नाही. सागाचे खरखरीत पान तर भिजतेही. तरीसुद्धा इरल्याखालील माणूस कोरडा राहतो, कारण येथे काम होते ते उताराचे आणि पानावर पान येईल अशा मांडणीचे. एका पानावरून ओघळलेले पाणी दुसऱ्या पानावर पडते व शेवटी कडेने खाली जाते. कौलारू छपराचे तत्त्वही हेच आहे. प्लॅस्टिकचा कागद स्वस्त झाल्यापासून इरली कमी झाली. तथापि पाणी हाताळण्याचे एकापेक्षा अधिक मार्ग आहेत, हा इरल्याचा धडा जुना झालेला नाही. एक मार्ग थेंबाला पृष्ठभागावर थारा न देण्याचा, दुसरा त्याला योग्य वाट करून देण्याचा.

जुन्नर गावाला याच विषयातील आणखी एक परंपरा आहे. येथील हातकागद एकेकाळी 'जुन्नरी कागद' म्हणून प्रसिद्ध होता. हातकागदाला खळ लावून तो घोटला म्हणजे त्यावरील शाई फुटत नाही. पाण्याला किती आत येऊ द्यावयाचे आणि कोठे थांबवावयाचे, हे त्या कारागिरांना चांगले ठाऊक होते. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यालाही नेमके हेच ठरवावयाचे असते.

बुडालेल्या भाताचे रुपेरी पान

पश्चिम भागात मुसळधार पावसात भाताची रोपे कधी कधी पूर्णपणे पाण्याखाली जातात. अशा वेळी स्वच्छ पाण्यात डोकावून पाहिले तर बुडालेले पान चांदीचा वर्ख लावल्यासारखे चमकताना दिसते. ही चमक पानावर अडकलेल्या हवेच्या पातळ थराची असते. भाताच्या पानावरील मेणाच्या सूक्ष्म काड्या व उंचवटे हा थर धरून ठेवतात. दिवसा याच थरातून पानाला कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि रात्री प्राणवायू मिळतो. पान जणू पाण्याखाली राहूनही श्वास घेत असते. प्रयोगात पानावरील हा थर मुद्दाम नाहीसा केला असता बुडालेल्या रोपातील प्राणवायू घटतो, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हा थर टिकविण्यास कारण होणारे जनुकही २०१८ साली ओळखण्यात आले.

मात्र हा थर कायमचा नव्हे. काही दिवसांत तो विरून जातो व मग रोप गुदमरते. म्हणून रुपेरी चमक म्हणजे शेतकऱ्याला मिळालेली थोड्या दिवसांची मुदत समजावी. त्या मुदतीत बांध फोडून, चर मोकळे करून खाचरातील जादा पाणी काढून देणे हे पहिले कर्तव्य होय.

कांद्याची पात व फवारणी

आता कांद्याकडे वळू. कांद्याची पात पोकळ, गोल, उभी आणि मेणाने झाकलेली असते. थेंब झिडकारण्यास यापेक्षा अनुकूल रचना कोणती असणार? निसर्गाने हे कवच व्यर्थ दिलेले नाही. करप्याच्या बुरशीचे बीज रुजण्यास पातीवर ओल लागते. पात कोरडी राहिली की बीज रुजत नाही. पावसाचा थेंब घरंगळताना पातीवरील धूळ व बुरशीचे पुष्कळसे बीजही वाहून नेतो.

मग करपा येतोच कसा? याची दोन कारणे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले कारण दव. पावसाचा थेंब वरून पडतो व उंचवट्यांवर टेकतो. दव मात्र हवेतील वाफेपासून थेट उंचवट्यांच्या फटींतच बनते. फटींतील हवेची जागा पाणी घेते आणि थेंब पानाला घट्ट चिकटून बसतो. कमळाच्या पानावरसुद्धा वाफ थिजू दिली असता त्याचा झिडकारण्याचा गुण कमी होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून धुके व दव यांच्या दिवसांत करप्याची भीती अधिक. दुसरे कारण फुलकिडे. हे किडे पातीच्या बेचक्यात लपून पात खरवडतात व रस शोषतात. मेणाचे कवच जेथे फाटले तेथे बुरशीला आयतेच दार मिळते. ज्या शेतात फुलकिडे आटोक्यात, त्या शेतात करप्याचा जोरही कमी असतो, याचे रहस्य येथे आहे.

यात निसर्गाचा एक पेचही आहे. पातीवर मेण कमी असलेल्या, चकचकीत हिरव्या पातीच्या कांद्यावर फुलकिडे तुलनेने कमी वाढतात, असे कांदा संशोधनात दिसून आले आहे. परंतु मेण कमी म्हणजे ओलावा राखणारे कवचही पातळ. म्हणून वाण निवडताना आपल्या भागातील पाऊस, पाणी व कीड यांचा एकत्र विचार करावयास पाहिजे. या दोन तालुक्यांच्या शेजारी, खेड तालुक्यात राजगुरुनगर येथे कांदा व लसूण यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. वाणांविषयी शंका असल्यास तिच्या शिफारशी पाहाव्यात.

औषध पातीवर टिकविण्यासाठी पाण्याचा पृष्ठताण कमी करावा लागतो. साध्या पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ एकक असतो. पसरविणारे द्रव्य मिसळल्यावर तो ३० एककांच्या आसपास येतो, तर सिलिकॉन जातीच्या द्रव्याने २० ते २२ एककांपर्यंत उतरतो. थेंबाची गोल राहण्याची धडपड मंदावते व तो पातीवर पसरतो. शेतकरी या सर्वच द्रव्यांना सरसकट 'स्टिकर' म्हणतात. परंतु त्यांत दोन प्रकार आहेत. एक थेंब पसरविणारे, दुसरे वाळलेले औषध पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून चिकटवून ठेवणारे. काही द्रव्ये दोन्ही कामे करतात. विकत घेताना डबीवरील मजकूर वाचून आपणास कोणते हवे ते ठरवावे.

फवारणी करताना पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. पसरविणारे द्रव्य मापूनच घालावे. पुष्कळ द्रव्यांचे प्रमाण एक लिटर पाण्यास अर्धा ते एक मिलिलिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपास साडेसात ते पंधरा मिलिलिटर असते. सिलिकॉन जातीच्या द्रव्यास याहूनही कमी लागते. डबीवर लिहिलेले प्रमाण हेच अखेरचे समजावे. बुचाने अंदाजे ओतण्याची सवय सोडावी.

२. प्रमाण वाढविल्याने गुण वाढत नाही. द्रव्य जास्त झाले की पाण्याचा पातळ पापुद्रा बनून तो पातीवरून वाहून जातो, बेचक्यात साचतो व पात करपते.

३. कपडे धुण्याची पूड मिसळू नये. ती अल्कधर्मी असते. तिच्यामुळे काही औषधे पंपातच निकामी होतात आणि पातीवरील मेणाचीही हानी होते. चार पैसे वाचविण्याच्या नादात पिकाचे कवच उतरविण्यासारखे ते आहे.

४. बुरशीनाशक व कीटकनाशक यांसाठी पोकळ शंकूसारखा बारीक फवारा देणारे नोझल वापरावे. मोठा थेंब वेगाने आपटून उडतो. बारीक थेंब टिकून राहतो. झिजलेले नोझल वेळीच बदलावे.

५. पातीवरून पाणी निथळू लागेपर्यंत फवारू नये. निथळलेले औषध मातीत व पुढे विहिरीच्या पाण्यात जाते.

६. दव वाळल्यानंतर, वारा शांत असताना फवारावे. ओल्या पातीवर औषध पातळ होऊन ओघळते. भर दुपारच्या उन्हात फवारणी टाळावी.

७. हातमोजे, तोंडावर मुखपट्टी व अंगभर कपडे घालावेत. पसरविणारे द्रव्य जसे पानावर पसरते, तसे ते कातडीवरही पसरते, हे विसरू नये.

टोमॅटो आणि द्राक्षे

सर्वच पिकांना एक न्याय लावू नये. नारायणगावच्या बाजारात ज्याची मोठी उलाढाल होते, त्या टोमॅटोचे पान कांद्याच्या पातीहून अगदी वेगळे आहे. त्यावर कांद्यासारखे मेणाचे दाट कवच नसून केस असतात. ते लवकर भिजते व उशिरा वाळते. म्हणून येथे औषध टिकविण्यापेक्षा पान कोरडे ठेवण्याची काळजी मोठी. ठिबकने मुळाशी पाणी देणे, रोपे ताटीला बांधून हवा खेळती ठेवणे, जमिनीलगतची पाने काढणे आणि पानांवर पाणी उडेल असे सिंचन टाळणे, हे उपाय करपा रोखण्यास फवारणीइतकेच उपयोगी आहेत.

द्राक्षाच्या मण्यावर जी पांढुरकी झाक दिसते, तीही मेणाचीच. ती पुसली गेली की मणी निस्तेज दिसतो व बाजारात भाव पडतो. घड तयार होऊ लागल्यावर पसरविणाऱ्या द्रव्यांचा वापर टाळावा व काढणी करताना घड देठाला धरूनच उचलावा, असे सांगतात ते यासाठीच. मणी आपला रस कसा राखून ठेवतो, हे बेदाणा करताना स्पष्ट होते. साधी द्राक्षे सुकण्यास तीन ते चार आठवडे लागतात. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट व १५ मिलिलिटर इथाइल ओलिएट, ज्यास बागायतदार 'डिपिंग ऑइल' म्हणतात, मिसळून त्यात घड थोडा वेळ बुडविले, की मेणाच्या पापुद्र्यांची मांडणी विस्कटते व तीच द्राक्षे सुमारे पंधरवड्यात सुकतात. मण्यातील पाणी तेच, ऊन तेच. बदलले ते केवळ दाराचे कुलूप.

गावात दाखविण्याजोगा प्रयोग

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय भाषणातून सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखवावा. त्यासाठी खर्च जवळजवळ नाही. अळवाचे एक पान, कांद्याच्या दोन ताज्या पाती, टोमॅटोचे व आंब्याचे प्रत्येकी एक पान, चिमूटभर राख आणि वाटीभर पाणी एवढे साहित्य पुरे.

प्रथम प्रत्येक पानावर एक थेंब टाकून पान किंचित कलते करावे. कोठे थेंब धावतो, कोठे रेंगाळतो व कोठे पसरतो ते सर्वांना पाहू द्यावे. नंतर अळवाच्या पानावर राख भुरभुरून वर थेंब सोडावा. थेंब राख गोळा करीत जाईल व त्याच्या वाटेवरील पान स्वच्छ होईल. कमळाचा गुण याहून निराळा नाही. त्यानंतर कांद्याची एक पात दोन बोटांत धरून हलकेच चोळावी. पांढुरकी झाक पुसली जाऊन पात गर्द हिरवी दिसेल. आता चोळलेल्या व न चोळलेल्या पातीवर थेंब टाकून दोहोंतील फरक दाखवावा. शेवटी एका वाटीतील पाण्यात पसरविणारे द्रव्य योग्य प्रमाणात मिसळून त्याचा थेंब न चोळलेल्या पातीवर टाकावा. मघाशी घरंगळलेला थेंब आता पातीला बिलगून राहील. द्रव्य हाताळताना हातमोजे घालावेत व प्रयोगाची पाने जनावरांपुढे टाकू नयेत.

हा प्रयोग पाहिलेल्या शेतकऱ्याने बांधावर स्वतःची एक परीक्षा करावी. फवारणी सुरू केल्यावर पहिल्या दहा पावलांनी थांबावे व पात न्याहाळावी. मणी दिसले तर द्रव्य कमी पडले आहे. पातीच्या बुडाशी पाणी साचले असेल तर ते जास्त झाले आहे किंवा फवारा जाड आहे. पात सारखी ओलसर दिसली तर काम नीट चालले आहे. दहा पावलांची ही परीक्षा पुढील संपूर्ण शेतावरचा खर्च वाचविते.

पिकाचे पान ही औषध ओतण्याची पाटी नव्हे. ते एक जिवंत कवच आहे आणि रोगाशी पहिली झुंज तेच देते. फवारणी ही त्या कवचाच्या मदतीला धावून जाणारी कुमक होय. कवच फोडणारी कुमक काय कामाची? जर्मनीतील शास्त्रज्ञाने कमळाच्या पानाकडे बारकाईने पाहिले आणि जगाला एक नवी युक्ती दिली. तेवढ्याच बारकाईने ओतूरच्या वा मंचरच्या शेतकऱ्याने आपल्या कांद्याच्या पातीकडे पाहिले, तर पंपातील औषध मातीत न जाता जेथे जावयाचे तेथेच जाईल आणि खिशातील पैसाही जागच्या जागी राहील.